दातांचा घसारा

हिशेबशास्त्राच्या पहिल्याच वर्षी 'घसारा' नावाचे प्रकरण येते. एखादे यंत्र विकत घेतले की त्याचे आयुष्य किती, दरवर्षी त्याची किंमत किती उतरणार आणि शेवटी भंगारात काय हाती लागणार, याचा अंदाज बांधून वहीत नोंद करायची. लाकडी टेबलापासून मालमोटारीपर्यंत सगळ्यांचा घसारा आम्ही काढला. माणसाच्या दातांचा घसारा मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तरी आपल्या घराघरांतून तो रोज निघत असतो, आणि तोही अशा अजब पद्धतीने की पहिली दाढ हलू लागली रे लागली की सगळ्या बत्तिशीची किंमत एकदम शून्य धरली जाते. "आता या वयात दात काय करायचेत?" हे वाक्य म्हणजे ती नोंद. माझा आक्षेप या नोंदीला आहे.

हे वाक्य कुणाला उद्देशून म्हटले जाते तेही पाहण्यासारखे आहे. आमच्या आजोबांचे दात गेले तेव्हा वर्षाच्या आत त्यांना कवळी आली. ते पेढीवर बसत, चार माणसांत बोलत. त्यांच्या तोंडाला बाजारात किंमत होती. आज्जीचे दात पंधरा-सोळा वर्षे एकेक करून गेले. पहिल्या काही दातांचे श्रेय मिश्रीला द्यायला हवे. आमच्या भागातल्या त्या पिढीतल्या पुष्कळ बायका दात बळकट होतात म्हणून भाजलेली तंबाखू हिरड्यांना घासत आल्या, आणि हिरड्या सैल पडल्या की आणखी घासत आल्या. पुढचे दात नुसते वयाने गेले असे आम्ही समजून घेतले. वास्तविक वयाने दात जात नाहीत. किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने जातात, वय फक्त त्यांना वेळ देते. पण घरातल्या बाईच्या तोंडाला पेढीवर काम नसल्यामुळे तिचे किती दात उरले हे मोजायची कुणाला गरज वाटली नाही. शेवटी खालचे तीन राहिले होते, तेही गेल्या वर्षी काढून टाकावे लागले.

दात नसलेला माणूस उपाशी राहत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तो आपली पंगत गुपचूप बदलतो. आपल्या बेळगावच्या भाषेत सांगायचे तर जगातल्या खाद्यपदार्थांचे दोन वर्ग पडतात, एक कुंद्याचा आणि दुसरा करदंटाचा. कुंदा जिभेने टाळूवर दाबला तरी पोटात जातो. गोकाकच्या करदंटाला दाढा लागतात. आज्जी हळूहळू सगळीच्या सगळी कुंद्याच्या वर्गात गेली. भाकरी आमटीत भिजवून, मग नुसता पापुद्रा, मग भाकरीच नको, मऊ भात बरा. कोशिंबीर गेली, शेंगा गेल्या, पेरू गेला, मोड आलेली कडधान्ये गेली. राहिले काय, तर पेज, भात, चहात बुडवलेली बिस्किटे आणि केळे. आणि आज्जीला मधुमेह आहे! डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार-तक्ता फ्रीजवर चिकटवलेला आहे. त्यातला निम्मा-अधिक भाग दाढा असलेल्या माणसासाठी आहे. साखर का वाढते म्हणून आम्ही गोळ्या बदलत राहिलो. तक्ता चावायचा कशाने हा प्रश्न घरात कुणी काढला नाही.

दात आणि चणे एका वेळी नशिबात नसतात ही म्हण आपल्याकडे दोन्ही भाषांत आहे. कन्नडमध्ये 'हल्लिद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल' म्हणतात. दातांच्या कण्या होईपर्यंत सांगणे, दात विचकणे, दात कोरून पोट न भरणे, असे कितीतरी संसार मराठीने दातांभोवती मांडले आहेत. कवळीवर मात्र मला एकही म्हण सापडली नाही. जी वस्तू आजही पुष्कळजण लाजून पदराआड किंवा रुमालाआड काढतात, तिच्यावर म्हण कोण करणार?

लाजण्यासारखे तिच्यात काही नाही. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती अशी एक दंतकथा (शब्द आपोआप आला, क्षमा असावी) आहे, ती खरी नाही. ती पाणघोड्याच्या सुळ्याची, माणसाच्या दातांची आणि शिशाची होती. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा रणांगणावर पडलेल्या शिपायांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले, आणि पुढे कितीतरी वर्षे अशा मालाला 'वॉटर्लूचे दात' असे नावच पडले. कवळी ही तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती. ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, गंधक घालून तापवलेल्या कडक रबरामुळे. हे रबर साच्यात ओतल्यासारखे बसे, स्वस्त पडे.

आणि येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत अशी एक गोष्ट घडली. या रबरी कवळीचे पेटंट अमेरिकेत गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीच्या हाती गेले. प्रत्येक दंतवैद्याने परवाना घ्यावा, वर प्रत्येक कवळीमागे रॉयल्टी द्यावी, असा तिचा आग्रह. जोसाया बेकन हा कंपनीचा खजिनदार गावोगाव फिरून न देणाऱ्यांवर फिर्यादी लावीत असे. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅलफंट नावाच्या एका दंतवैद्याने त्याला हॉटेलच्या खोलीत गोळी घातली. चॅलफंट तुरुंगात गेला. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर कवळी मोकळी झाली. खुनाचे समर्थन कोण करील? पण पेटंट कायद्याच्या तासाला ही गोष्ट सांगितली असती तर मागच्या बाकांवरचेही जागे राहिले असते. १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅक्रिलिक आले, रबर मागे पडले, आणि आज आपण पाहतो ती गुलाबी हिरडीची कवळी जन्माला आली.

ही गुलाबी कवळी तोंडात राहते कशी? वरची टाळूवर पसरलेली असते. थुंकीचा पातळ थर, कडेने हवा बंद, आणि ती चिकटते. खालचीचे दैव तसे नाही. तिला टाळू नाही, घोड्याच्या नालासारखी अरुंद जागा, आणि मधे सतत वळवळणारी जीभ. त्यात दात गेले की त्यांना धरून ठेवणारे हाडही झिजू लागते, कारण त्या हाडाला कामच उरत नाही. अंत्ये टॅलग्रेन या संशोधिकेने कवळीधारकांची पंचवीस वर्षे मापे घेतली आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. म्हणजे ज्या जबड्याला आधाराची जास्त गरज, तोच जास्त लवकर खचतो. शिवाय पूर्ण कवळीने चावण्याचा जोर मूळ दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच भरतो. हे आधी कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढेच, की "सवय होईल". मग पहिल्या आठवड्यात हिरडीला फोड येतो, कवळी खणात जाते, आणि खण उघडला की ती आपल्याकडे पाहून हसत असते. आमच्या गल्लीत मी सहज चौकशी केली तेव्हा अशा खणातल्या तीन कवळ्या निघाल्या. यालाच आम्ही बुडीत माल म्हणतो.

फोड येणे हा कवळीचा दोष नसतो. नवी चप्पलही चावते. फोड आला त्या ठिकाणी डॉक्टर कवळी किंचित घासून देतात, दोन-तीन वेळा जावे लागते. पुढेही हाड झिजेल तसे काही वर्षांनी आतून नवा थर भरून घ्यावा लागतो. रात्री काढून पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, नाहीतर ती वाकते. एवढे केले तर पाच-सात वर्षे निभावते. पण त्या दोन-तीन फेऱ्यांसाठी आज्जीला घेऊन जाणार कोण? कवळीचे पैसे देणारा मुलगा घरात सापडतो, रिक्षातून नेणारा सापडत नाही.

आता इम्प्लांटकडे येऊ. आपल्या शहरात पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर इतकी शाई खर्ची पडली आहे की पाटीवर लिहिले काय आहे हे वाचायचे राहूनच जाते. वाचा एकदा. दर तिसऱ्या पाटीवर पांढरे दात दाखवणारे जोडपे आहे आणि खाली तिन्ही भाषांत 'इम्प्लांट' आहे. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू, साधारण सेंटीमीटरभर लांबीचा. हाड त्याला धरते, मग त्यावर दात चढवतात.

हा शोधही काटकसरीतून लागला असे म्हणायला हरकत नाही. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा स्वीडिश शास्त्रज्ञ १९५२ साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. त्यासाठी हाडात टायटॅनियमच्या नळ्या बसवल्या होत्या. नळ्या महाग, म्हणून काम झाल्यावर त्या काढून पुन्हा वापराव्यात असा त्याचा बेत. निघेनात! हाड धातूला एकजीव झाले होते. पुढे १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात त्याने असे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते चालले. तरी बाकीच्या जगाने विश्वास ठेवायला वेळ घेतला. १९८२ साली टोरोंटोला परिषद भरली, त्यानंतर अमेरिकेत गाडी पुढे सरकली.

लार्सनचे दात चाळीस वर्षे चालले हे ऐकले की आमच्या काकांसारखी माणसे भारावतात. "आईला काय ते उत्तमात उत्तम करायचे," असे त्यांनी जाहीर केले. एका दवाखान्यातून दोन्ही जबड्यांना पक्के दात असा साडेपाच लाखांचा आकडा आला. बाबा गप्प झाले. काका म्हणाले, कर्ज काढू. मग त्यांनी मला, म्हणजे घरातल्या एकमेव कॉमर्सवालीला, कागद-पेन्सिल दिली.

मी स्थिर हप्ता पद्धतीने हिशेब मांडला. साडेपाच लाख, आयुष्य पंधरा वर्षे धरले, तर रोजचे शंभर रुपये. खाजगी दवाखान्यातली साधी कवळी वीस हजार, सहा वर्षे, तर रोजचे नऊ रुपये. दंत महाविद्यालयातली साडेतीन हजार, म्हणजे रोजचा दीड रुपया आणि वर थोडी चिल्लर. खणात पडलेल्या कवळीचा दर मात्र काढता येत नाही. वापरलेले दिवस शून्य, आणि शून्याने भागायला आम्हाला शिकवलेले नाही. कागद पाहून बाबांनी दीड रुपयावर बोट ठेवले, काकांनी शंभरावर. आज्जी शेजारीच शेंगांचे कूट करीत बसली होती. तिला कुणी कागद दाखवला नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला पक्के-कच्चे काही नको बाई. भाकरी भिजवल्याशिवाय खाल्ली पाहिजे आणि खालचं बोलताना उडू नये."

या एका वाक्यात खरी मागणी आली होती, आणि ती दीड रुपयाची नव्हती तशी शंभराचीही नव्हती. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात या विषयातले जाणकार जमले आणि त्यांनी मत दिले की खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला पहिली निवड म्हणून दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी कवळी द्यावी. दोनच स्क्रू, समोरच्या भागात. कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते, रात्री काढता येते, बोलताना उडत नाही. वरच्या जबड्याला बहुधा साधी कवळी पुरते. या मधल्या मार्गाचा आकडा आम्हाला नव्वद हजारांच्या आसपास मिळाला. दहा वर्षे धरली तर रोजचे पंचवीस. टिचबटणाच्या कड्या झिजतात, त्या अधूनमधून बदलायचा खर्च वेगळा. स्वस्त नाही, हे मान्य. पण पाट्यांवर हा मार्ग मला एकदाही दिसला नाही. पाटी लाखाची असते, गरिबाला दीड रुपया असतो, मधले कुणी लिहीत नाही.

मधुमेह असला तर इम्प्लांट होतच नाही असे पुष्कळ जण सांगतात, तेही पूर्ण खरे नाही. साखर आटोक्यात हवी, तंबाखू सुटायला हवी. दोन्ही नसेल तर हाड स्क्रूला धरायला कुरकुरते. आज्जीची मिश्री सुटली आहे, साखर अजून नाही. म्हणून आधी साधी कवळी करायची, ती लावून तक्त्याप्रमाणे जेवायचे, साखर खाली आली की खालचे दोन स्क्रू, असे ठरले. ठरले म्हणजे आज्जीने ठरवले.

बाजारच्या दिवशी किंवा जत्रेत 'एका दिवसात फिक्स दात' करून देणारे बसतात, त्यांच्याविषयी दोनच ओळी. ते अ‍ॅक्रिलिकचा लगदा शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून मोकळे होतात. खाली अन्न कुजते आणि दोनचार वर्षांत शेजारचे दातही जातात. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ सालचा आहे, आणि हे लोक अजून बसतात.

बेळगावात दोन दंत महाविद्यालये आहेत हे आपले भाग्य. त्यांपैकी एकात आज्जीची कवळी झाली. पाच फेऱ्या पडल्या: एकदा ढोबळ माप, एकदा बारीक माप, एकदा जबडे कुठे मिटतात ते मेणावर घेणे, एकदा मेणात बसवलेले दात घालून पाहणे, आणि मग कवळी. चौथ्या फेरीला उच्चार तपासतात. शाळेत आमच्या बाईंनी 'दंत्य' वर्णांचा तक्ता घोकून घेतला होता, त्याचा उपयोग परीक्षेपलीकडे असतो हे मला तेथे कळले. शिकाऊ डॉक्टर कन्नड बोलणारी होती, अतिशय मायाळू. ती म्हणाली, "अज्जी, अरवत्तारु अन्री." आज्जी म्हणाली, "अरवत्तारू." छान उमटले. डॉक्टर खूष. आता इंग्रजीत सासष्टला 'सिक्स्टी-सिक्स' म्हणतात, त्यात स-स ची रांग आहे, आणि पुढच्या दातांची जागा तपासायला तेच तर ऐकायचे असते. कन्नडच्या अरवत्तारूत एकही 'स' नाही! मी म्हटले, "आज्जी, आता मराठीत सांग." ती म्हणाली, "सहासष्ट," आणि शिट्टी वाजली. पुढचे दात मेणातच थोडे सरकवावे लागले. कवळी पक्की झाल्यावर हे जमले नसते.

त्या दिवशी मी बाकावर बसून आणखी एक गोष्ट पाहिली. केस पेपरवर सूचना कन्नड आणि इंग्रजीत असतात. रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्या खानापूर-चंदगडकडच्या, मराठी वाचणाऱ्या किंवा काहीच न वाचणाऱ्या. शिकाऊ डॉक्टर परराज्यांतूनही येतात, त्यांची गत उलट. "रात्री काढून ठेवा" हे एका आजोबांना कळले ते "रात्रीच घाला" असे. यात दोष कुणाचा, यावर सभा भरवता येईल, आणि आपल्याकडे ती लगेच भरते. पण आजोबांच्या हिरडीला सभेचा उपयोग नाही. तसेच सरकारी योजनेचे. कर्नाटक सरकारने २०१५ च्या आसपास 'दंत भाग्य' नावाची योजना काढली, दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना दंत महाविद्यालयांतून मोफत कवळी मिळावी म्हणून. कल्पना उत्तम. आमच्या गल्लीतल्या त्या तीन खणांच्या घरी कुणाला तिचे नावही माहीत नव्हते. आरोग्य विम्याकडे पाहावे तर बहुतेक पॉलिसींत दातांचे उपचार, अपघात सोडल्यास, वगळलेले असतात. म्हणजे विमा कंपनीनेही तीच नोंद केली आहे: आता या वयात दात काय करायचेत.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक दरवर्षी शिबिराला जाते. रस्ता झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. त्यातील काही झाडे जगतातही. माझी सूचना अशी, की ज्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही येतात अशांनी आठवड्यातून दोन दुपारी दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे. काम तीन प्रकारचे. फॉर्म भरून देणे, डॉक्टर काय सांगतात ते रुग्णाच्या भाषेत आणि रुग्ण काय म्हणतो ते डॉक्टरांच्या भाषेत सांगणे, आणि कवळी मिळाल्यावर पुढच्या तपासणीची तारीख घरच्यांना फोन करून आठवण देणे. यातले तिसरे सर्वांत महत्त्वाचे, कारण कवळ्या खणात जातात त्या याच पंधरा दिवसांत.

कन्नड विभागाच्या संपादकांना मी विचारले. त्यांच्याकडून दोघे तयार आहेत, दोघांनाही मराठी कळते. मराठीतून मी धरून तिघी. पाच जणांवर मंगळवार आणि शुक्रवार निघतो, दुपारी दोन ते साडेचार. आणखी चौघे आले तर गुरुवारही घेता येईल. नावे ग्रंथालयाच्या खिडकीशी ठेवलेल्या वहीत लिहावीत, आणि कुठली भाषा बोलता येते ते समोर लिहावे. कोकणी येत असेल तर तेही लिहा. कणकुंबी, जांबोटीकडून येणाऱ्यांसाठी हवी आहे.